चार गाठींची दोरी

सदा, दोरी सापडली.

लेन्सच्या चामडी डब्यात तळाशी गुंडाळून ठेवली होतीस. पार्सल बांधायची साधी सुती दोरी, आठ फुटांहून थोडी जास्त, एका टोकाला फास आणि पुढे चार गाठी. डब्याचा बंद तुटला तर असावी म्हणून तू ती ठेवली असशील, असं वहिनींना वाटलं. दिवसकार्य होईपर्यंत डबा आणि कॅमेरा वहिनींनी माझ्याकडे सांभाळायला दिला, त्यासोबत मी ती कचेरीत नेली आणि टेबलावर पोलादी पट्टी लावून मोजली. तीन फूट, पाच फूट, सहा फूट, आठ फूट. सहाची गाठ एका इंचाने कमी भरते. तू असतास तर हा इंच मी तुला आठवडाभर ऐकवला असता, आणि तू म्हणाला असतास, "पट्टी तुमच्या छापखान्याची ना? मग तीच खोटी."

तुझ्या जाण्याची बातमी मीच लिहिली. अकरा ओळी, तिसऱ्या पानावर. वय बरोबर, गाव बरोबर, मागे राहिलेल्यांची नावं बरोबर. लेन्सचा उल्लेख त्यात नव्हता, कारण तसल्या बातमीत तो बसत नाही. पण तुझ्याबद्दल मला खात्रीने माहीत असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

पाच वर्षांपूर्वीचा मे. भर लग्नसराईत, दुपारी बारा वाजता तू दुकान बंद करून आमच्या कचेरीत आलास. बाजारातल्या फोटोवाल्याने त्या दिवसांत दुकान बंद करणं हीच एक बातमी होती. तू माझ्या हाताखालचं प्रूफ ओढून घेतलंस, उलटं केलंस आणि पेन्सिल मागितलीस.

"दत्तू बोटीवर चाललाय. आठ दिवसांनी. जपानला जातेय बोट. एक लेन्स आणतो म्हणालाय."

"मग आणू दे."

"अरे, पण कुठली?"

दत्तू म्हणजे तुझा मालगुंडचा मावसभाऊ. बोटीवर नोकरीला. दोन वर्षांत एकदा घरी यायचा, आणि पुढची बोट जपानला जाईल की आफ्रिकेला हे त्याला स्वतःलाही माहीत नसायचं. लेन्स एकच येणार होती. ती चुकली असती तर दुसरी कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नव्हतं.

प्रुफाच्या पाठीवर तू एक डोकं काढलंस आणि त्याच्यापुढे एका रेघेत चार ठिपके दिलेस. तुझ्या कॅमेऱ्याला एकच लेन्स होती, पन्नास मिलिमीटरची. तिने चेहरा मोठा घ्यायचा तर माणसाच्या तीन फुटांवर जावं लागतं, आणि तीन फुटांवरून नाक पुढे येतं, कान मागे पळतात. त्याहून थोड्या लांब नजरेच्या लेन्सा असतात. पंच्याऐंशी, एकशेपाच, एकशेपस्तीस. आकडा जितका मोठा तितकं आपण मागे सरायचं आणि चेहरा मात्र तेवढाच मोठा मिळवायचा. पंच्याऐंशीला पाच फूट, एकशेपाचला सहा, एकशेपस्तीसला आठ. हे सगळं तू मला दहा मिनिटांत शिकवलंस. त्या दहा मिनिटांत तुझा आवाज इतका चढला होता की आतून कंपोझिटर बघायला आला. ते प्रूफ नंतर पुन्हा काढावं लागलं. तो तुझ्याबद्दल काय म्हणाला ते छापण्यासारखं नाही.

तिथेच आपले पक्ष पडले. मी पंच्याऐंशीचा, तू एकशेपस्तीसचा. एकशेपाचच्या बाजूने कोणी नव्हतं, तरी तिची गाठ तू मारलीस, कारण यादी पुरी असायला हवी.

माझं म्हणणं सोपं होतं. पंच्याऐंशीचं तोंड मोठं, उजेड जास्त घेते. आपल्याकडची घरं आतून काळोखी. एकशेपस्तीस उजेडाला कंजूष, आणि हात हलला की फोटोही हलतो. शिवाय मी माणसांशी बोलून पोट भरतो. पाच फुटांवर माणूस हळू आवाजात खरं बोलतो. आठ फुटांवर तो भाषण करतो.

"तुझ्यासमोर भाषण करतो," तू म्हणालास. "तुझ्या हातात वही असते."

पण तुला लेन्स कोणासाठी हवी होती, हे मला ठाऊक होतं.

तुमच्या माजघराच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक आजोबांचा, एक वडिलांचा. वडिलांचा तूच केलेला, धंद्यात नवा असताना. ते अचानक गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून तू त्यांचं डोकं काढून मोठं केलंस. वाटाण्याएवढं डोकं एन्लार्जरखाली फुगवलं की चेहऱ्याचे दाणे होतात. तसे ते झाले. आणि डाव्या कोपऱ्यात शेजारच्या माणसाचा खांदा राहिला. तो खांदा कोणाचा, यावर तुमच्या घरात दर वर्षी श्राद्धाला चर्चा व्हायची. मंडणगडपासून लोक हेच काम घेऊन तुझ्या दुकानात यायचे: माणूस गेला, ग्रुपमधून डोकं काढून द्या. तू काढून द्यायचास. एकदा तू मला म्हणाला होतास, "आईचं डोकं मी कुठल्या ग्रुपमधून कापणार नाही."

पण काकी, तुझी आई, एकट्या फोटोला बसत नव्हत्या. त्यांच्या समजुतीने भिंतीवर एकटा असतो तो गेलेला माणूस. जिवंत माणसाने चारचौघांत उभं राहावं, फोटो पेटीत जातो. तू स्टुडिओत नेलंस, त्या आल्या नाहीत. घरी कॅमेरा काढलास, त्यांनी पदर तोंडावर ओढला. तीन फुटांवर तोंडासमोर काचेचा डोळा आला तर मीही तेच केलं असतं. साऱ्या रत्नागिरीचे चेहरे तुझ्या कपाटात आणि आईचा नाही, हे तुला जास्त जास्त लागत होतं. तेव्हा त्या पंचाहत्तरच्या पुढे होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला घरी बोलावलंस आणि ही दोरी दाखवलीस. "लेन्स जपानात आहे," तू म्हणालास. "पण अंतर इथंच आहे." हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं. चेहरा कसा दिसतो हे लेन्सवर नसतं, कॅमेरा कुठे उभा आहे त्यावर असतं. म्हणजे आपल्या पन्नासच्याच लेन्सने चारही गाठींवरून फोटो घ्यायचे, मग डार्करूममध्ये चारही डोकी सारख्या मापाची करायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. दाणे येतील, येऊ देत. लेन्स न बघता लेन्स बघता येईल. मी सतरा वर्षं बातम्या लिहितो आहे. एवढा सोपा आणि एवढा हुशार उपाय मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

काकी ओटीवर आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. मधल्या दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, ही त्यांची रोजची जागा. हात कोपरापर्यंत लाल. तू दोरीचा फास त्यांच्यामागच्या खुंटीला अडकवलास आणि दोरी ताणत अंगणाकडे सरकू लागलास.

"काय रे सद्या, दोरी कसली लावतोस?"

"मोजतोय."

"वाटणी करायचीस काय? मग थोरल्याला बोलाव मुंबयहून. एकट्याने मोजलंस तर तो ऐकायचा नाय."

"फोटोसाठी मोजतोय."

"फोटो काढायला घर कशाला मोजायला हवं? आणि हा पेपरवाला कशाला आलाय? साक्षीदार?"

पाचची गाठ ओटीवर पडली, सहाची ओटीच्या काठाशी. आठची गाठ ओटी ओलांडून बाहेर, अंगणात उतरायच्या चिऱ्याच्या पायरीवर. तू त्या पायरीवर उभा राहिलास आणि कॅमेरा डोळ्याला लावलास. मग मला हाक मारलीस. ओटी अंगणापेक्षा उंच. पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे आणि ओटीवर बसलेल्या माणसाचे डोळे जवळपास एका पातळीत येतात. ओटीवर चढलो तर वरून खाली बघावं लागतं, नाहीतर उकिडवं बसावं लागतं. हे घर ज्याने बांधलं त्याने एकशेपस्तीससाठीच बांधलं, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, घर तुझ्या पणजोबांनी बांधलं, तेव्हा लेन्स नव्हती. तू म्हणालास, "डोळे होते ना?"

नमुन्याला आधी मी बसलो. काकींनी रातांब्यांची टोपली थोडी सरकवून मला जागा दिली, पण स्वतः चौकटीच्या बाहेर गेल्या. चार गाठी, चार फोटो. मग मी हट्ट धरला की तूही बसायचं, लेन्स निवडणाऱ्याला लेन्ससमोर बसणं काय असतं ते कळलं पाहिजे. तू कुरकुरलास, पण बसलास. चारही वेळा शटर मी दाबलं, तू तिथून सूचना देत होतास. त्यामुळे चारही फोटोंत तुझं तोंड अर्धवट उघडं आहे.

"आता तू, आई," शेवटी तू म्हणालास. "एकच."

"मला नको. भिंतीवर जायची घाई नाय मला."

त्याच दुपारी डार्करूममध्ये आठ प्रिंट ओळीने टांगले गेले. तांबड्या दिव्याखाली तू एकापुढून दुसऱ्याकडे असा फिरत होतास की दोनदा ट्रेला कोपर लागलं. तीन फुटांवर माझं नाक म्हणजे स्वतंत्र तालुका होता. पाच फुटांवर मी माणसात आलो. सहावर आणखी बरा. पाच आणि आठ यांत फरक आहे का, असला तर केवढा, यावर आपण तासभर भांडलो. मी म्हटलं फरक नाही, पंच्याऐंशी घे. तू भिंग घेऊन माझ्या कानाकडे बघत राहिलास. "आठ फुटांवर तुझा कान जागेवर आलाय," तू म्हणालास. माझा कान कुठे असावा यात मला रस नव्हता. पण एवढ्या साध्या गोष्टीत एवढा आनंद होऊ शकतो, हे मी प्रथमच पाहत होतो.

निकाल मात्र प्रिंटांनी लागला नाही. तो लागला पुढच्या तीन सकाळी.

तूच मला कामाला लावलंस. "तू नोंदी करणारा माणूस. ओटीच्या कोपऱ्यात बस आणि आईकडे कोण येतं, कुठं उभं राहतं, ती कशी बोलते, एवढंच लिही." मी लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे. पोस्टमन आला, पायरीवर उभा राहिला. शिडी मागायला शेजारचा आला, पायरीवर. वासरू शोधत एक बाई आल्या, त्याही पायरीवर. प्रत्येकाशी काकी हनुवटी वर करून बोलल्या, एक भुवई चढवून. पोस्टमनला म्हणाल्या, "आज तरी पत्र आणलंस, की नुसते पाय आणलेस?" शेजाऱ्याला, "शिडी ने, पण मागल्या वर्षीची परत केलीस काय?" हात रातांब्यात आणि तोंडावर सगळं राज्य. पण तोच शेजारी "या, बसा" म्हटल्यावर ओटीवर आला, आणि काकींनी पदर सारखा केला, नजर खाली गेली. "पाणी देऊ?" आता त्या घरधनीण होत्या, तो पाहुणा. चेहरा मिटला. तिन्ही सकाळी असंच झालं. आपल्याकडे आलेला माणूस आधी अंगणात थांबतो आणि ओटीवरच्याशी तिथून बोलतो, हे मी जन्मापासून पाहत आलो. त्याला अंतर असतं आणि ते मोजता येतं, हे मला तू सांगितलंस.

तिसऱ्या दिवशी मी वही मिटली आणि म्हटलं, "आठ फूट."

तुला इतका आनंद झाला की तू पायरीवरून उडी मारलीस. चाळिशी उलटलेला माणूस. काकी म्हणाल्या, "वाटणी मनासारखी झाली वाटतं."

दत्तूला द्यायची चिठ्ठी मी लिहिली, कारण तुझं अक्षर दुकानदारालाही लागत नसे. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पहिल्या कागदावर मी पंच्याऐंशी लिहिलं. नोंदी माझ्याच होत्या, निकाल मलाच पटला होता, तरी हाताने पंच्याऐंशी लिहिलं. आकड्याकडे थोडा वेळ बघितलं आणि कागद फाडला. दुसऱ्यावर एकशेपस्तीस लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात, खाली दोन रेघा मारून. हे तुला सांगायचं राहिलं.

लेन्स आली ती श्रावणात. दत्तूची बोट मुंबईला लागली आणि गावच्या एका माणसाबरोबर एस.टी.ने पार्सल आलं. तू स्टँडवरून थेट कचेरीत आलास. छत्री होती, पण ती तुझ्या डोक्यावर नव्हती, पार्सलवर होती. माझ्या टेबलावर तू ते उघडलंस. आत हा चामडी डबा, त्यात ती काळी, जड, तेल दिल्यासारखी फिरणारी नळी. तू कॅमेऱ्याला ती आट्यांवर बसवलीस, डोळ्याला लावलीस आणि खोलीच्या पलीकडे बसलेल्या कंपोझिटरकडे बघितलंस. "बघ," म्हणून माझ्याकडे दिलीस. त्याच्या पापणीचा एकेक केस वेगळा दिसत होता, मागची टाइपांचे खण ठेवायची घोडी धूर झाली होती. आठ वर्षं रोज पाहिलेला माणूस मी त्या दिवशी नीट पाहिला. तोही गप्प बसला, ही दुसरी बातमी.

आपण त्याच भिजल्या अंगाने घरी गेलो. आणि अंगणात पाय ठेवल्यावर दोघेही थांबलो.

ओटीला झापं बांधलेली होती. पावसाची झड आत येऊ नये म्हणून आपल्याकडे घरोघरी नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं ओटीला बाहेरून बांधतात. आषाढापासून दसऱ्यापर्यंत ओटी म्हणजे चारी बाजूंनी बंद खोली. पायरी बाहेर, काकी आत, मधे झाप. आत गेलं तर काळोख, आणि एकशेपस्तीसला मागे सरायला जागा नाही. आपण दोघं इथेच जन्मलो, इथेच चाळीस पावसाळे काढले. तरी घर मोजलं मेमध्ये, आणि चार महिने हे घर आठ फुटांचं नसतंच, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

काकी आतून म्हणाल्या, "आलं काय ते जपानचं?"

"आलं," तू म्हणालास.

"मग आता?"

तू झाप हलवून बघितलंस. तेव्हा त्या हसायला लागल्या. झापामागून नुसतं हसू ऐकू येत होतं. "पेपरवाल्या, तुझ्या वहीत पाऊस लिहिलेला नव्हता काय रे?"

मला त्या क्षणी पंच्याऐंशीबद्दल बोलायचं होतं. पण तुझा चेहरा बघून मी थांबलो, आणि मग तूच हसायला लागलास. पावसात उभं राहून आपण दोघं हसलो. पार्सलवरची छत्री तू तेव्हाही हलवली नाहीस.

दसऱ्यापर्यंत तू थांबणं शक्य नव्हतं. तुझा स्टुडिओ दहा फुटांचा. मागे पडदा, पडद्यापासून थोडं पुढे स्टूल. आठ फूट मागे गेलास की तू उंबऱ्याबाहेर, गटारावरच्या फरशीवर. तर तू तिथे उभा राहिलास. एका हातात छत्री जमेना, म्हणून छत्री दाराच्या वर बांधलीस. गिऱ्हाईक आत स्टुलावर, तू रस्त्यात, आणि मधून बाजारात जाणारी माणसं. मासळीची पाटी घेऊन जाणारी एक बाई थांबली आणि म्हणाली, "गिऱ्हाईक आत नि तू भायेर? दुकान कुणाचं म्हणायचं?" आतला म्हातारा हसला, आणि तू शटर दाबलंस. तो फोटो तू वर्षभर काचेत लावला होतास. त्यानंतर चिपळूणहून लोक यायला लागले, "रस्त्यावरून काढतात तो फोटो" मागत. लेन्सचा आकडा कोणाला ठाऊक नव्हता. स्वतःचा चेहरा स्वतःसारखा आला एवढंच त्यांना कळत होतं.

दसरा झाला, झापं उतरली. तू लेन्स लावून पायरीवर उभा राहिलास. मी अंगणात होतो. काकी सुपात भात पाखडत होत्या. तुझ्याकडे बघून त्यांनी हनुवटी वर केली, भुवई चढवली.

"बघतोस ते बघ," त्या म्हणाल्या. "दाबू नकोस."

आणि तू दाबलं नाहीस.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. ते चार वर्षं चाललं. झापं नसायची तेव्हा तू रोज सकाळी दुकानात जाण्याआधी पायरीवर उभा राहायचास, कॅमेऱ्यातून आईकडे बघायचास, तिच्याशी बोलायचास. तो चेहरा चौकटीत यायचा, फोकस व्हायचा, आणि तू कॅमेरा खाली करायचास. मी तुला किती वेळा म्हटलं. सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. त्यांना कळणारही नाही.

"तिला कळेल," तू म्हणायचास. "नाय कळलं तरी मला कळेल."

"मग लेन्स आणलीस कशाला?"

"बघायला."

"वय किती झालं त्यांचं, हिशेब आहे का? उद्या काही झालं तर पुन्हा ग्रुपमधून डोकं कापशील."

"तू विचारल्याशिवाय छापतोस. तुझा धंदा तो. माझा नाय."

हे मला लागलं होतं. मी चार दिवस दुकानात आलो नाही. पाचव्या दिवशी आलो तेव्हा तू चहा सांगितलास आणि दुसराच विषय काढलास. तुझं बरोबर होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ती चार वर्षं तू आईकडे जितका वेळ नीट बघितलंस, तितकं बघणारा दुसरा मुलगा मला माहीत नाही.

शेवटची भेट दुकानातच झाली. तू लेन्स पुसत होतास. मी काही विचारलं नव्हतं. तू आपणहून म्हणालास, "पंच्याऐंशी घेतली असती तर..." आणि कोणी तरी पासपोर्टचे फोटो न्यायला आलं. तू उठलास. मला कचेरीत जायचं होतं, मी निघालो. अपुरं वाक्य आम्ही पेपरात छापत नाही. इथे छापतो आहे. ते पुरं करायचा प्रयत्न मी बरेच दिवस केला आणि सोडून दिला.

आता तुझ्यामागचं थोडं सांगतो.

भिंतीसाठी तुझा फोटो हवा होता. सगळ्या घरात तुझा एकट्याचा फोटो नव्हता, फक्त दोरीच्या परीक्षेतले ते चार प्रिंट होते. मी ते वहिनींपुढे ओळीने मांडले. आठ फुटांचा मी स्वतः थोडा पुढे सरकवला. कान जागेवर आहेत, मी म्हटलं, सदालाही हाच पटला असता. वहिनींनी चारही पाहिले आणि तीन फुटांचा उचलला. नाक पुढे आलेला, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांखालची वळी मोठी दिसणारी. आपण दोघांनी पहिल्या मिनिटाला बाद केलेला.

मी म्हटलं, "वहिनी, जवळून घेतल्यामुळे हा बिघडलाय. सदा असा नव्हता."

त्या म्हणाल्या, "मला असेच दिसायचे."

तो लावला आहे, सदा. वडिलांच्या शेजारी. ग्रुपमधून कापलेला नाही, कोपऱ्यात कोणाचा खांदा नाही. दाणेही नाहीत, कारण तीन फुटांवरून डोकं मोठं करावं लागलं नव्हतं. शास्त्राने बघितलं तर चारांत तोच सर्वात स्वच्छ प्रिंट आहे. हे मला त्या दिवशी प्रथम दिसलं.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी मी कॅमेरा आणि डबा परत द्यायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा. आत रोल आहे, थोडा उरलाय."

काकी ओटीवर त्यांच्या जागी होत्या, दाराजवळ. हात मोकळे. मी जवळ जाऊन बसलो. डबा मांडीवर घेतला. मग त्या म्हणाल्या, "ते काढ बाहेर."

"काय, काकी?"

"त्याचं जपानचं."

मी कॅमेरा काढला, लेन्स बसवली. आटे नीट बसायला वेळ लागला. उठलो आणि ओटीवरच त्यांच्यासमोर उभा राहिलो. सवयीने, पाच फुटांवर. चौकट नुसत्या चेहऱ्याने भरली. त्यांची नजर खाली गेली, हात पदराकडे गेला.

"इथं नको," त्या म्हणाल्या. "तो तिथं उभा राहायचा."

मी ओटीवरून उतरलो. खिशात दोरी होती, ती चाचपली.

"दोरी कशाला? पायरी हलली नाय."

मी पायरीवर उभा राहिलो. कॅमेरा डोळ्याला लावला. सदा, तू रोज सकाळी काय बघत होतास ते मी तेव्हा पाहिलं. मागची भिंत मऊ होऊन गेली होती. केसांची एक बट, कपाळावरची आडवी रेघ, आणि डोळे माझ्या बरोबर समोर, एका पातळीत. त्यांनी पदर ओढला नाही. हनुवटी वर केली. भुवई चढली, थोडी उशिराने, पण चढली.

"काय रे पेपरवाल्या," त्या म्हणाल्या. "झाली काय वाटणी मोजून?"

मी दाबलं नाही. विचारलं, "दाबू, काकी?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना हे अपेक्षित होतं असं वाटलं.

"दाब."

मी दाबलं. एकदाच. मग कॅमेरा खाली केला. त्यांनी पदर सारखा केला आणि आत, माजघराकडे, मान वळवली.

"भिंतीवर एक वाढला तेवढा पुरे," त्या म्हणाल्या. "हा पेटीत ठेव. मला घाई नाय."